हरणांसाठी पेरलेला रुटाबागा

जुलैतल्या एका शनिवारी मी बियाण्याची एक पिशवी विकत घेतली. एवढंच केलं मी. त्या पिशवीतून पुढे आठ बायका, एक फुटलेलं धुराडं आणि माझ्या सदऱ्याचं शेपूट निघेल, असं तिच्यावर कुठेही छापलेलं नव्हतं. छापलं होतं ते इतकंच, की हे पेरा, हरणं आपण होऊन समोर येऊन उभी राहतील. चित्रातलं हरीण तर चक्क हसत होतं.

पिशवी घ्यायला कारण घडलं चार जुलैच्या, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, जेवणात. माझे सासरे मिस्टर सालमेला यांचं जंगलात शिकारीचं लाकडी घर आहे, आम्ही त्याला कॅम्प म्हणतो. (लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मी अजून त्यांना 'मिस्टर सालमेला'च म्हणतो. दुसरं काही म्हण, असं ते कधी म्हणालेच नाहीत.) पंधरा नोव्हेंबरला हरणांचा हंगाम उघडतो. त्या दिवशी आमच्याकडे शाळा बंद असतात, आणि कचेऱ्या उघड्या असूनही बंदच असतात. मी रस्ते खात्यात कारकून आहे, मला माहीत आहे. कॅम्पचे नियम दोन. ज्याचा नेम चुकेल त्याच्या सदऱ्याचं शेपूट, म्हणजे मागचा लोंबता भाग, कात्रीने कापून भिंतीवर ठोकायचं. आणि ज्याला काहीच मिळणार नाही त्याने भांडी घासायची. भिंतीवर अकरा शेपटं आहेत, त्यातली नऊ माझी. भांड्यांबद्दल विचारूच नका.

तर त्या जेवणात माझा मेहुणा रूडी म्हणाला, "पा, यंदा माझा जावईही यायचा म्हणतोय. ट्रेव्हिस."

सासऱ्यांनी बटाट्याची कोशिंबीर संपवली, तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. "पलंग सहाच आहेत. आर्विड, यंदा नर मारलास तर तुझा पलंग तुझा. नाहीतर तो ट्रेव्हिसला."

आम्ही वरच्या मिशिगनचे, जंगलातले; हा ट्रेव्हिस मोठ्या पुलाच्या पलीकडचा, खालच्या मिशिगनचा. बूटसुद्धा कोरे. त्याला माझा पलंग? मला मनापासून राग आला. मी ठरवलं, यंदा काय वाटेल ते झालं तरी हरीण मारायचंच.

कॅम्पजवळ गवताचं एक पडीक शेत होतं, तिथेच माझं शिकारीचं मचाण. माती विद्यापीठात तपासायला पाठवली. उत्तर आलं, माती फार आंबट आहे, चुना घाला. चुन्याची चाळीस पोती मी पाठीवर वाहिली. (डॉक्टर म्हणाले, "या वयात?" मी म्हटलं, "या वर्षात.") मग त्यात रुटाबागा पेरला. रुटाबागा म्हणजे सलगमचा जाडा, पिवळा भाऊ. कडक थंडी पडली की तो गोड होतो आणि हरणं त्यावर जीव टाकतात, असं पिशवीवर लिहिलं होतं.

फक्त एकच अडचण होती. माझी बायको एल्मा. रूडी तिचा सख्खा भाऊ. तिला कळलं की तासाभरात त्याला कळणार, आणि तो ट्रेव्हिसला आणून माझ्या शेताच्या कडेला बसवणार. म्हणून तिने जेव्हा विचारलं, "रोज संध्याकाळी कुठे जातोस रे? अंगाला चुना फासून येतोस," तेव्हा मी पटकन म्हणालो, "कॅम्पजवळच्या शेतात चर्चसाठी रुटाबागा लावलाय. तुमच्या पेस्टीसाठी."

हंगामाच्या आदल्या दिवशी आमच्या चर्चमधल्या बायका पेस्ट्या विकतात. मोठ्या करंजीसारख्या, आत मांस, बटाटा आणि रुटाबागा. एल्मा त्या समितीची अध्यक्ष.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आर्विड! सहा वर्षं मी तुला टोमॅटोला पाणी घाल म्हणून सांगतेय, आणि तू गुपचूप..." तिने मला मिठी मारली. मला तेव्हाच कबूल करायला हवं होतं. पण मिठी बऱ्याच दिवसांनी मिळाली होती. मी विचार केला, एखादं पोतं देऊन टाकू.

पीक काय आलं म्हणता! ऑक्टोबरात प्रत्येक गड्डा माझ्या डोक्याएवढा. पहिलं दव गोठलं, दुसरं गोठलं, आणि कडेला हरणांच्या खुरांचे ठसे दिसू लागले. एक ठसा तर चांगला तळहाताएवढा. मी कचेरीत कागदांवर शिक्के मारता मारता शिंगांची टोकं मोजू लागलो.

चौदा तारखेला दुपारी चर्चमध्ये गेलो तर एल्माने गरम पेस्टी हातात ठेवली. आजूबाजूच्या सात बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"खा," एल्मा म्हणाली. "तुझाच रुटाबागा."

"माझा कुठला?"

"शेतातला! काल आम्ही आठ जणींनी सगळा उपटला. थंडीने काय गोड झालाय!"

"सगळा?"

"एक गड्डा ठेवला नाही. तुझी एवढी मेहनत, वाया कशी जाऊ देईन?" ती अभिमानाने म्हणाली. "सोलायचं कामही तिथेच कॅम्पमध्ये उरकलं. पंप आहे, लांब टेबल आहे."

मी पेस्टी खाल्ली. खोटं कशाला बोलू, उत्तम होती. म्हणून जास्तच वाईट वाटलं.

पण मी हार मानणाऱ्यांतला नाही. पंधरा तारखेला उजाडण्याआधी मचाणात जाऊन बसलो. समोर चिखल, आणि चिखलात आठ बायकांच्या बुटांचे ठसे. दुपारपर्यंत एक कावळा येऊन गेला. तोही निराश दिसला.

पाय गोठले तेव्हा कॅम्पवर परतलो. कोणी नव्हतं. सकाळच्या नाश्त्याची भांडी मात्र होती. बंदूक रिकामी करून खुंटीला लावली, बाह्या सरसावल्या आणि घासायला लागलो. हात कोपरापर्यंत फेसात, आणि सहज खिडकीबाहेर पाहिलं.

खिडकीखाली बायकांनी टाकलेल्या सालींचा आणि पाल्याचा ढीग होता. त्या ढिगात तोंड घालून आठ टोकांच्या शिंगांचा नर उभा होता. माझ्यापासून पंधरा पावलांवर. अगदी पिशवीवरच्या चित्रासारखा.

मी बंदूक काढली. साबणाच्या हातातून काडतूस निसटलं. दुसरंही निसटलं. तिसरं बसलं. खिडकी उघडली, नेम धरला, आणि चापावरचं बोट सटकलं.

ठो! सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेल्या सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, धुराड्याला आरपार भोक पडलं. नर उधळला तो थेट वाटेने, जिथून ट्रेव्हिस पेस्टी खात येत होता. त्याने पेस्टी दातांत धरली आणि एका गोळीत नर पाडला.

संध्याकाळी रूडीने माझ्या सदऱ्याचं शेपूट कापून भिंतीवर ठोकलं. एल्माने वाढदिवसाला दिलेला सदरा होता तो. माझं दहावं शेपूट. मी पलंगावरची पथारी गुंडाळू लागलो. एकोणीस वर्षांत त्या फळीला माझ्या पाठीचा आकार आला होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ट्रेव्हिसचा आनंदी आवाज आला. "तुमची अर्धवट राहिलेली भांडी मीच घासून टाकली! हा तवा तर किती काळा झाला होता! तारेची घासणी आणि साबण लावून लख्ख केलाय बघा."

रूडीने कपाळावर हात मारला. तो बिडाचा तवा सासऱ्यांच्या आईचा. साठ वर्षांच्या चरबीने त्याला ती काळी चकाकी आलेली. त्याला साबण कधी लागलेला नव्हता. मी तो नेहमी मीठ टाकून फडक्याने पुसायचो आणि वर चरबीचं बोट फिरवायचो.

सासऱ्यांनी तवा दोन्ही हातांत घेतला. तो चांदीसारखा चमकत होता.

"पा, त्याला माहीत नव्हतं हो," रूडी म्हणाला. "आणि हरीण तर त्यानेच मारलंय!"

"हरीण कोणीही मारतं," सासरे म्हणाले. "ट्रेव्हिस, तू जमिनीवर झोप. आर्विड, पथारी उलगड."

माझे डोळे भरून आले. "थँक यू, मिस्टर सालमेला."

त्यांनी तवा माझ्या हातात दिला आणि खांद्यावर थोपटलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"पा म्हण," ते म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी बटाटेही लाव. पेस्टीत कमी पडतात."