अठरा इंची फर्निचर

मी विकत घेतला तेव्हा तो लॅपटॉप होता, याला दुकानदार साक्षी आहे.

खरेदीचं कारण कौटुंबिक होतं. माझी बायको रुग्णालयात परिचारिका आहे आणि तिला कायमची रात्रपाळी. ती सकाळी आठला घरी पोहोचते, मी पावणेआठला निघतो. संध्याकाळी मी जिना चढतो, तेव्हा ती उतरत असते. लग्नाला चौदा महिने झाले. त्यातला बहुतेक संसार आम्ही जिन्यात केला. "दूध तापवलंय", "नळ गळतोय", "तू बारीक झालास", असे सगळे महत्त्वाचे विषय दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उरकायचे. तिथेही शेजारच्या आजी मधून वाट मागायच्या.

अशात आमच्या कार्यालयानं परिपत्रक काढलं. ज्या कर्मचाऱ्याकडे स्वतःचा सुवाह्य, म्हणजे उचलून नेता येईल असा, संगणक असेल, त्याला आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा मिळणार होती. दोन दिवस! बायको दिवसा झोपते हे खरं, पण शेजारच्या खोलीतून घोरणं ऐकू येणं हाही संसारच की.

परिपत्रकाला जोडपत्र होतं. त्यात संगणकाची किमान क्षमता दिली होती. आमचं हजेरीचं सॉफ्टवेअर गेल्या वीस वर्षांत इतकं सुधारत गेलंय, की "मी आलो" एवढं नोंदवायला आता साध्या यंत्राची छाती होत नाही. म्हणून मी टेबलावरच्या संगणकाची जागा घेईल असा, मागच्या पिढीचा, दणकट लॅपटॉप घेतला. अठरा इंची पडदा, आत दोन मोठ्या डिस्क, सीडीचा खण आणि विटेएवढा चार्जर.

"एक सांगतो," दुकानदार म्हणाला, "मांडीवर ठेवू नका. वॉरंटीत मांडी येत नाही."

नोंदणीसाठी तो एकदाच कार्यालयात आणायचा होता. आणला. आणताना कुणी काही बोललं नाही, कारण आत येणाऱ्या वस्तूवर कोणी संशय घेत नाही. संध्याकाळी निघताना मात्र गेटवरच्या पहारेकरी मामांनी बॅगेला हात घातला.

"काय आहे?"

"लॅपटॉप."

"असा असतो होय लॅपटॉप? माझ्या पुतण्याचा बघितलाय मी. वहीसारखा आहे. हा तर दप्तरासकट अख्खा वर्ग वाटतोय."

मामांनी तो रद्दीच्या काट्यावर ठेवला. चार्जरसह पाच किलो तीनशे ग्रॅम. मग त्यांनी भिंतीवरचा नियम बोट ठेवून वाचून दाखवला: पाच किलोहून अधिक वजनाची, चार कोपरे व एक सपाट पृष्ठभाग असलेली कोणतीही वस्तू फर्निचर समजण्यात यावी. फर्निचर आवाराबाहेर जाणार नाही.

लॅपटॉप तिथेच राहिला. मी जिन्यात बायकोला सांगितलं, "एक छोटी तांत्रिक अडचण आहे."

"तुझ्या सगळ्या अडचणी छोट्याच असतात," ती पायऱ्या उतरता उतरता म्हणाली. "फक्त त्या मोठ्या होईपर्यंत तू बघत बसतोस."

दुसऱ्या दिवशी मी भांडारप्रमुख मॅडमना भेटलो.

"मॅडम, तो लॅपटॉप आहे हो."

"असेल. घरी लाडानं काय हाक मारायची ती मारा. नोंद फर्निचर क्रमांक चारशे सतरा."

"चार्जर वेगळा मोजला तर?"

"टेबलाचे पाय वेगळे मोजतो का आपण?"

मॅडम मनानं वाईट नव्हत्या. त्यांनीच मार्ग सुचवला. वजन पाचच्या खाली आणा, नोंद बदलू. म्हणजे लॅपटॉपची सुधारणा करणं आलं. संगणक विभागात एकच माणूस आहे. कुठल्याही तक्रारीवर त्याचा एकच उपाय असल्यामुळे सगळे त्याला 'रिस्टार्ट' म्हणतात. रिस्टार्टनं लांबूनच पाहणी केली.

"दोन्ही डिस्क काढ, नखाएवढी नवी बसव. सीडीचा खण उपट. साडेतीनशे ग्रॅम कुठे गेले नाहीत."

"मग कर ना."

"मी? मी फर्निचरला हात लावू शकत नाही. सुतारकाकांना बोलाव."

सुतारकाका आले. त्यांनी झाकणावर बोटानं टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "पोकळ आहे. कुठलं लाकूड म्हणायचं हे?"

"काका, हा लॅपटॉप आहे."

"असू दे. स्क्रू आहेत ना? मग आपलाच आहे."

खरं सांगायचं तर इतकं देखणं काम मी संगणकवाल्याकडूनही पाहिलं नाही. काकांनी कानामागची पेन्सिल काढली, प्रत्येक स्क्रूच्या जागी खूण केली, डिस्क काढल्या, नवी बसवली, खण उपटला आणि राहिलेल्या भोकाला सुबक फळी बसवून दिली. काट्यावर ठेवला. चार किलो नऊशे ऐंशी, फळीसकट! मामांनी टाळी दिली. मॅडमनी नोंद बदलायला पेन उचललं.

तेवढ्यात रिस्टार्ट धावत आला. हजेरीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती. तिला दुप्पट मेमरी लागणार होती, नाहीतर सुवाह्य यंत्र सुवाह्य धरलं जाणार नव्हतं.

काकांनी मेमरी बसवली. दुप्पट मेमरीनं यंत्र इतकं तापलं की फळीला वार्निशचा वास सुटला. म्हणून खाली तीन पंख्यांचा गार करणारा स्टँड अनिवार्य झाला. स्टँडला चार पाय होते. वजन पुन्हा पाचच्या वर गेलं, म्हणून मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि स्टँड स्टूल म्हणून नोंदवला. लॅपटॉपचं टेबल आणि स्टँडचं स्टूल मिळून संच झाला. संच झाल्यावर तो कॉरिडॉरमध्ये ठेवता येईना, म्हणून तिसऱ्या मजल्यावर खोली देण्यात आली. खोलीला कुलूप आलं आणि कुलपाला जबाबदार माणूस हवा होता. तो मी.

म्हणजे घरून काम करण्यासाठी घेतलेल्या यंत्रामुळे मला एकही दिवस घरी थांबता येईना. बायकोला हे जिन्यात सांगितलं. ती एक पायरी परत वर आली. म्हणाली, "मग लग्नाआधी मला बघायला आला होतास तसं एकदा चहाला तरी येऊन जा."

मी रीतसर अर्ज केला. त्यासाठी समिती नेमली गेली आणि तिनं त्यावर तीन बैठका विचार केला. फर्निचर हलवता येणार नाही, हे अटळ होतं. पण घरून काम करण्याची मुभा नाकारता येणार नाही, हेही अटळ होतं. कारण मुभेची बातमी वार्षिक अहवालात छापून झाली होती. शेवटी एका वयोवृद्ध सदस्यानं बदली भत्त्याच्या नियमांतून घराची व्याख्या शोधून काढली: घर म्हणजे असे स्थान, जेथे कर्मचाऱ्याच्या मालकीचे फर्निचर कायमस्वरूपी ठेवलेले आहे.

"तुमच्या राहत्या जागेत फर्निचर कुणाचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"घरमालकाचं."

"पलंगसुद्धा?"

"पलंगसुद्धा."

सगळ्यांचे चेहरे उजळले. आदेश निघाला: अर्जदारास मंगळवार व गुरुवार घरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरील खोलीतून, काम करण्यास मान्यता.

त्या मंगळवारी बायको पाळी संपवून परस्पर गेटवर आली.

"कुठे?" मामांनी विचारलं.

"घरी."

"कुणाच्या?"

"माझ्याच. तिसरा मजला."

मामांनी आदेश दोनदा वाचला आणि सलाम ठोकला. "या वहिनी."

आता मंगळवार-गुरुवार ती दोन खुर्च्या जोडून झोपते. पाय यंत्राच्या गरम हवेकडे करते. म्हणते, हिवाळ्यात याच्यासारखा नवरा नाही. दुपारी उठली की आम्ही डबा खातो आणि तासभर भांडतो. नळ अजून गळतोय, पण आता त्यावर सविस्तर चर्चा झाली आहे.

सहा वाजले की मी कुलूप लावतो आणि आम्ही हात हलवत बाहेर पडतो. फर्निचर आवाराबाहेर जाऊ शकत नाही, त्यामुळे माझ्यामागे काहीही येत नाही. ना तातडीची फाइल, ना साहेबांचं "जरा बघून घे".

सहकाऱ्यांना आमचं फार हसू येतं. तुम्हालाही येत असेल. तुमचा लॅपटॉप किलोभराचा, देखणा. मामा त्याला अडवत नाहीत. तो रोज तुमच्यासोबत घरी येतो, जेवताना ताटाशेजारी बसतो, झोपताना उशीपाशी लुकलुकतो, आणि रविवारी सगळे बोलत असताना मध्येच टिंग करतो. चांगलं आहे. फक्त एकदा त्या समितीची व्याख्या घेऊन घरभर फिरून या, आणि तुमच्या त्या जागेत नक्की कोण कुणाकडे राहायला आलंय, ते घरच्यांना विचारा.

हळू विचारा. साहेब ऑनलाइन आहेत.