दमयंतीबाईंचा ‘तो’

मागच्या महिन्यात आत्मारामभाऊंनी घरात जाहीर करून टाकलं होतं. दमयंतीबाईंच्या फोनात ते रक्त पिणाऱ्यांचं प्रकरण पुन्हा दिसलं, तर फोन कपाटात जाईल आणि त्यांच्या हातात बटणांचा जुना फोन येईल. दमयंतीबाई नुसतं “बरं” म्हणाल्या होत्या. चाळीस वर्षं संसार केलेली बायको नुसतं “बरं” म्हणते तेव्हा नवऱ्यानं सावध व्हायचं असतं. आत्मारामभाऊ माकुणसारच्या सोनचाफ्याच्या वाडीत कीड कुठल्या पानाखाली आहे ते सांगायचे, पण हे त्यांना कळलं नाही.

त्या प्रकरणाचं नाव होतं ‘वज्रदंताची वधू’. रोज एक भाग ॲपवर यायचा. आत्मारामभाऊंना नाव ऐकून आधी ते दंतमंजन वाटलं होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती. मग एकदा चष्मा लावून त्यांनी अर्धं पान वाचलं. तीनशे वर्षांचा, रक्तावर जगणारा एक राजपुत्र यामिनी नावाच्या मुलीच्या खिडकीत उभा होता आणि यामिनी खिडकी लावून घ्यायचं सोडून त्याच्याकडे बघत होती.

“या वयात असलं वाचतेस?” भाऊ म्हणाले.

“मग कुठल्या वयात वाचू? सोळाव्या वर्षी तुमच्या घरी पाट्यावर मसाला वाटत व्हते.”

वाचन चालूच राहिलं, फक्त वेळ बदलली. भाऊ सकाळी झाडांना पाणी सोडायला पंपावर गेले की बाई पडवीत फुलांच्या पुड्या बांधता बांधता भाग वाचून काढायच्या. त्यात आणखी एक जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली होती. त्यांची बालमैत्रीण हेमांगी बोईसरला मुलाकडे राहायची. तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी फोन बघायला सक्त मनाई केली होती. वज्रदंताचं पुढे काय झालं हे न कळल्यामुळे हेमांगीचा रक्तदाब वाढायला लागला. मग दमयंतीबाई रोज वाचलेला भाग आपल्या भाषेत बोलून तिला पाठवू लागल्या. हेमांगी डोळ्यावर पट्टी आणि कानाला फोन लावून पडून राहायची, म्हणजे पथ्यही पाळलं जायचं.

मंगळवारचा भाग जबरदस्त होता. दमयंतीबाईंच्या बोटांना फुलांचं पाणी लागलं होतं आणि चष्मा आत राहिला होता. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला.

“अगो, ऐक. आज तो आला. ती एकटीच बागेत फुलं काढीत व्हती, नुकतं उजाडत व्हतं. पावलाचा आवाज नाय, पाचोळा पन वाजला नाय. हिनं मान वर केली तर समोर तो. डोळे कसे, निखाऱ्यासारखे. किती दिवसांचा उपाशी गो तो. तिच्या मानेपर्यंत तोंड आनलं, दात टेकवले, आनि काय मनात आलं कोन जाने, नुसतं हुंगलं आनि मागं फिरला. माझ्या काळजाचं पानी झालं. उद्या परत येनार तो, मला खातरी हाय.”

हे सगळं हेमांगीला जायला हवं होतं. ते ‘माकुणसार सोनचाफा बागायतदार’ या ग्रुपवर गेलं.

चूक लगेच लक्षात आली. बाईंनी संदेशावर बोट दाबून धरलं, दोन पर्याय आले, त्यातला हाताला लागेल तो दाबला. संदेश नाहीसा झाला. सुटले म्हणत त्यांनी तेच सगळं नव्यानं बोलून हेमांगीला पाठवलं. दाबलेला पर्याय ‘फक्त माझ्यासाठी डिलीट करा’ हा होता, आणि तो संदेश आता जगात फक्त दमयंतीबाईंनाच दिसत नव्हता.

आता दुसऱ्या कुठल्या गावात हे ऐकून लोक बुचकळ्यात पडले असते. कोण तो, असं विचारलं असतं. इकडे असं कोणी विचारत नाही. डोंगराच्या अंगाला राहणारी माणसं सकाळच्या वेळी वाघाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं तर येतो म्हणतात. इथला वाघ म्हणजे खरं तर बिबट्या, पण त्यालाही नावानं हाक मारायची नाही. नुसतं ‘तो’ म्हणायचं. त्यामुळे पावलाचा आवाज नसलेला, निखाऱ्यासारख्या डोळ्यांचा, मान हुंगून गेलेला उपाशी ‘तो’ कोण, हे शेंबड्या पोरालाही कळलं. आणि ‘ती’ कोण, हेही उघड होतं. दमयंतीबाईंच्या वाडीत उजाडता फुलं काढायला पाड्यावरून एकच बाई यायची, रखमा.

ग्रुपचा ॲडमिन ललित मोटारसायकल काढून थेट पंपावर गेला.

“दादा, वहिनींनी पाहिला म्हणे.”

“काय पाहिला?”

ललितनं फोन पुढे केला. आत्मारामभाऊंनी बायकोचा आवाज शेवटपर्यंत ऐकला. ते घाबरले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्या वाडीत वाघ येऊन गेला आणि आपण तिथले मालक आहोत. अशा वेळी मालकाला काहीच ठाऊक नसणं बरं दिसत नाही.

“हां, तो,” ते म्हणाले. “मी पन पाह्यला. काल. केळीच्या आडाला बसलेला. बोललो नाय, उगाच लोक घाबरतील.”

“केवढा होता?”

“शेपूट इथून,” भाऊंनी पायापाशी खूण केली आणि सावकाश हात वर करून लांब बोट दाखवलं, “त्या पंपाच्या खोलीपर्यंत.”

ललितनं ते मोबाइलवर चित्रित करून घेतलं. दुपारपर्यंत एडवणहून भाऊंच्या साडूचा फोन आला. त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर वाघाला वाघीण आणि पिल्लं झाली होती. सफाळ्याहून वनरक्षक आला. त्यानं वाडीतल्या चिखलातले ठसे पाहिले आणि ते कुत्र्याचे आहेत असं सांगितलं. “लहान असेल,” ललित म्हणाला. “पण दादांनी मोठा पाहिलाय, म्हणजे लहान वेगळा.” वनरक्षकानं वही मिटली. गावकऱ्यांनी अर्जावर सह्या केल्या होत्या, शिवाय भाऊंचा व्हिडिओ साहेबांपर्यंत पोचला होता, त्यामुळे पिंजरा लावणं त्याला भाग होतं.

पिंजऱ्यात ठेवायला शेळी हवी होती. इथे ललितची बुद्धी चालली. तो ज्या बाईला हुंगून गेला, तिच्याच घरची शेळी ठेवली तर वास ओळखून नक्की येणार. सगळ्यांना ते पटलं. रखमाला विचारायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

हे सगळं होत असताना दमयंतीबाई बोईसरला होत्या. हेमांगीच्या डोळ्याची पट्टी काढणार म्हणून त्या सकाळीच गेल्या होत्या आणि फोनची बॅटरी वज्रदंतानं कधीच संपवली होती, चार्जर घरीच राहिला होता. दुसऱ्या दिवशी परत आल्या, तर पडवीत रखमा बसलेली.

“बाय, माझी शेळी पिंजऱ्यात घातली.”

“कसल्या पिंजऱ्यात?”

रखमानं सगळं सांगितलं. ती शिव्या न देता सांगत होती, म्हणून ते ऐकायला जास्त जड जात होतं. “गार्डसायब बोलतो, मधी जाळी हाय, शेळीला काय व्हनार नाय. जाळी मला सांगितली, वाघाला कोन सांगनार? ती गाभन हाय. घाबरूनच मरंल.”

दमयंतीबाई तिच्या शेजारी बसल्या. “अगो, तो वाघ नव्हता.”

“ठाव हाय. तो वज्रदंत.”

“तुला कसं ठाव?”

“रोज तुमी फोनात सांगता तवा मी चाफ्याच्या आडाला असते ना,” रखमा म्हणाली. “पयल्यापासून ऐकते.”

“मग बोलली का नायस?”

“बोलले असते तर भाऊंनी तुमचा फोन घेतला असता. मग तुमचं पन बंद, माझं पन बंद.” रखमानं पदरानं नाक पुसलं. “मला वाटलं, दोन दिसांत इसरतील. शेळी नेतील असं नाय वाटलं.”

दमयंतीबाईंना आतून काहीतरी चावलं. आपण पांघरुणात लपून वाचणाऱ्या पोरीसारख्या वागत राहिलो आणि त्यासाठी या बाईनं तोंड शिवून घेतलं, याची त्यांना लाज वाटली. मग राग आला. आधी स्वतःचा, आणि उठून चालायला लागल्यावर बाकी सगळ्यांचा.

वाडीच्या टोकाला पिंजऱ्याभोवती अर्धं गाव जमलं होतं. आत शेळी केविलवाणी ओरडत होती आणि बाहेर आत्मारामभाऊ ललितच्या मोबाइलसमोर उभे राहून बोलत होते. त्यांच्या सांगण्यात वाघानं आता त्यांच्याकडे वळून पाहिलं होतं आणि एक पाऊल पुढेही टाकलं होतं.

“शेळी सोडा,” दमयंतीबाई म्हणाल्या.

“वहिनी, तुम्ही घाबरलेल्या आहात,” ललित म्हणाला. “घरी जा, आम्ही बघतो.”

“मी कशाला घाबरू? इथं वाघबीघ कोनी आलेला नाय. मी सांगितली ती गोष्ट व्हती. कादंबरी. हेमांगीला पाठवायची ती तुमच्या ग्रुपवर गेली.”

कोणालाच पटेना. डोळे निखाऱ्यासारखे होते ते? ते पुस्तकातले. मान हुंगली ती? तीही पुस्तकातली. “एवढी भीती कादंबरी वाचून कोणाला वाटते का?” मागून कोणीतरी म्हणालं, आणि बायकांच्या घोळक्यात हसू पसरलं. आत्मारामभाऊंचा चेहरा पडला. ते पुढे येऊन हळू आवाजात म्हणाले, “गप ऱ्हा. घरी बोलू. लोकांसमोर असलं सांगतात का?”

“सांगतात,” दमयंतीबाईंनी आवाज मुळीच हळू केला नाही. “मी वाचते. भूत वाचते, राक्षस वाचते, रक्त पिनारे वाचते, आनि त्यांचं प्रेम जमलं की रडते पन. तुमी रोज संध्याकाळी टीव्हीवर एकमेकांच्या अंगावर धावनारी मानसं बघता, त्यांना मी कधी नाव ठेवलं? आनि वज्रदंत तीनशे वर्सांचा हाय, पन यामिनी बोलायला लागली की मान वर करून ऐकतो. इथं साठीच्या मानसाला ते जमत नाय.”

आता बायका मोठ्यानं हसल्या, पण या वेळी कोणाला हसताहेत ते आत्मारामभाऊंना बरोबर कळलं.

ललितला अजून एक अडचण होती. “पण वहिनी, वाघ पुस्तकातला, तर दादांनी पाहिला तो कुठला?”

शेळी ओरडायची थांबली. सगळे भाऊंकडे बघायला लागले.

दमयंतीबाईंना त्यांना वाचवता आलं असतं. चाळीस वर्षं हेच तर केलं होतं. “त्यांनाच विचारा,” त्या म्हणाल्या. “मी नुसती वाचते, हे रचतात.”

आत्मारामभाऊंनी घसा साफ केला. केळीकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं. “लांबून पाह्यला ना. कुत्रा असंल.”

“शेपूट पंपाच्या खोलीपर्यंत असलेला?” वनरक्षकानं अतिशय नम्रपणे विचारलं, आणि पुढे होऊन पिंजऱ्याचं दार वर केलं. शेळी सरळ रखमाकडे धावली आणि रखमा तिला घेऊन कोणाचा निरोप न घेता पाड्याची वाट चालू लागली.

घरी आल्यावर भाऊंनी हात पुढे केला. “फोन आन.”

“देनार नाय,” दमयंतीबाई म्हणाल्या. “बटनांचा तुमीच वापरा. त्यात व्हिडिओ निघत नाय, तुमाला बरा पडेल.”

संध्याकाळी ललितनं ग्रुपवर सूचना टाकली की इथे फक्त फुलांचे भाव आणि खत-औषधांबद्दलचेच संदेश टाकावेत, करमणुकीचे टाकू नयेत. नाव कोणाचं घातलं नव्हतं. दमयंतीबाईंनी सूचना दोनदा वाचली.

सकाळी त्या पडवीत पुड्या बांधायला बसल्या. आज चष्मा लावला होता. फोन चोरून धरायचा नव्हता, म्हणून टोपल्याला टेकवून ठेवला होता. आत्मारामभाऊ पंपावर जायला निघाले, पायरीवर थांबले, चप्पल घालायला नको इतका वेळ घेतला.

“ते परवा तू म्हनाली व्हतीस,” ते चपलेकडे बघत म्हणाले, “उद्या परत येनार म्हनून. आला का?”

“कोन?”

“तो.”

“तो कोन?”

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. “वज्रदंत.”

“बसा,” दमयंतीबाईंनी सूप सरकवून जागा केली. “रखमा, तू पन ये. लांबून अर्धं ऐकू येतं.”

चाफ्याच्या आडून रखमा आली आणि पायरीवर टेकली. दमयंतीबाईंनी बोलायला सुरुवात केली. मध्येच भाऊंनी एकदा, असा माणूस उपाशी असून एवढा वेळ थांबेल हे पटत नाही, असं म्हटलं आणि दोघी बायकांनी त्यांना गप्प बसवलं. भाग संपल्यावर बाईंनी नाव नीट बघून संदेश हेमांगीला पाठवला. मग बोट खाली सरकवून ‘माकुणसार सोनचाफा बागायतदार’ शोधलं आणि तिथेही पाठवला, या वेळी मुद्दाम.

त्या दिवशी ग्रुपवर फुलांचा भाव टाकायला ललितला दुपार झाली.