माने पावण्यांची चाल

आमच्या शेजारचे दत्तूअण्णा बुद्धिबळात समोरच्याला आधी सावध करतात आणि मग मारतात. तेही मोबाईलवर, कुठल्या कुठल्या देशातल्या अनोळखी माणसांना. "पावणं, घोडा मोकळा हाय की तुमचा," असं आधी मोठ्यानं म्हणतात, मग एकेक अक्षर शोधत तेच मराठीत टाईप करतात. समोरचा कधी ब्राझीलचा असतो, कधी पोलंडचा. त्याला कळेल का, हा प्रश्न अण्णांना पडत नाही.

आयुष्य फौंड्रीच्या खडखडाटात गेल्यामुळं अण्णांचा आवाज राजारामपुरीच्या पुढच्या गल्लीपर्यंत पोचतो. पहिल्यांदा खेळायला आलेल्याला ते हरवत नाहीत. हातातला डाव बरोबरीत सोडवतात. एकदा मी वैतागून कारण विचारलं. "पैल्यांदा दारात आल्याल्या पावण्याला रडवून लावायचं व्हय, मास्तर?" मला मात्र ते बारा चालींत लोळवतात. शेजाऱ्याला सवलत नाही.

मास्तर म्हणजे मी. क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो, म्हणून अण्णांच्या पाहुण्यांची उत्तरं वाचून दाखवणं हे माझं बिनपगारी काम.

या पाहुण्यांत पोर्तुगालचे एक मॅन्युएल होते. अण्णांच्या तोंडी ते पहिल्याच दिवशी माने पावणं झाले. दोघांचा खेळ सावकाशीचा, एका चालीला तीन दिवसांची मुदत. पण मान्यांची चाल रोज दुपारच्या चहाला हटकून यायची. एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या दारात.

"मास्तर, आज चारला मी जिंकतोय ओ," चेहरा पार पडलेला.

मुदत संपली की डाव आपोआप अण्णांचा होणार होता. "डाव मिटला की पावणं परत कशाला येतील?"

मी मोबाईल चाळून एक बटण शोधून दिलं. ते दाबलं की समोरच्याला एक दिवस वाढवून मिळायचा. मग अण्णा रोज साडेतीनला ते बटण दाबू लागले. कोडोलीला लग्नाला गेले, तर रेंजसाठी जेवणावरून उठून गच्चीवर चढले.

पंधरा दिवस झाले तेव्हा मी म्हटलं, "सोडा आता, अण्णा. कंटाळला असेल तो."

"पावणं हात धुवाय गेल्यात. तवर ताट उचलायचं व्हय?"

मला हा शुद्ध वेडेपणा वाटत होता. तरी साडेतीन वाजले की वर्गात माझंही लक्ष घड्याळाकडं जायचं.

एकोणिसाव्या दिवशी भिंतीपलीकडून हाक आली, "मास्तर, प्यादं हाललं." मी अनवाणी पळालो. चालीखाली चार ओळी होत्या, त्या वाचून दाखवल्या. मान्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डाव गेलाच असं ते धरून चालले होते. पण मुलगी रोज मोबाईल उघडून दाखवायची, आणि रोज एक दिवस शिल्लकच असायचा.

इतकं हायसं वाटलं की मी तिथंच खुर्चीत बसलो. अण्णा चष्मा पुसत होते, बराच वेळ.

"काय लिहू?" मी विचारलं.

"लिवा," अण्णा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला वाकून ऐकावा लागला. "पावणं, सावकाश खेळा. आमची ही गेल्यापास्नं मला वाट बघाय लावणारं दुसरं कोण न्हाय."