सासऱ्यांच्या मोटारसायकलची चेन

ज्या वर्षी घड्याळजीच्या बायकोला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. एक मुलगा, एक मुलगी आणि दोघांचा मिळून आवाज चौघांचा! घड्याळजीच्या एका खोलीत तो मावेना. म्हणून बायको बाळांना घेऊन माहेरी आली आणि पाठोपाठ घड्याळजीही आपलं भिंग, चिमटे आणि गादी उचलून सासुरवाडीत मुक्कामाला आला.

सासऱ्यांची लाँड्री होती. पुढे लाँड्री, मागे घर आणि मधल्या अंगणात दोऱ्यांवर चादरीच चादरी. सासरे दणकट. ओल्या कपड्यांचं गाठोडं एका हाताने उचलून मोटारसायकलवर टाकायचे. मुलीला नवराही असाच गाठोडी उचलणारा मिळावा, ही त्यांची इच्छा. मिळाला कोण? चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग उचलणारा! लग्नाला दोन वर्षं झाली, पण सासरे जावयाशी थेट एक शब्द बोलले नव्हते. भांडण नाही, तंटा नाही. बोलायचं ते मुलीमार्फत. जावई समोर जेवत असला तरी मुलीला म्हणायचे, "यांना विचार, मीठ हवंय का?"

मुलगी विचारायची, "मीठ हवंय का?"

"नको," घड्याळजी म्हणायचा.

"नको म्हणतात," मुलगी सांगायची. आणि मीठ दोघांच्या मधोमध!

घड्याळजीच्या मनाला हे फार लागायचं. एकदा, फक्त एकदा आपल्याकडे बघून त्यांनी 'जावई' म्हणावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

सासरे रोज सकाळी लॉजवर आणि दवाखान्यात धुतलेले कपडे पोचवायला जायचे, ते दुपारी बरोबर एकला परत यायचे. घराकडचा रस्ता उताराचा. वरच्या वळणावर ते इंजिन बंद करायचे आणि गाडी घरंगळत आणायचे. मग आवाज उरायचा तो फक्त चेनचा. आणि काय तो आवाज! अठरा वर्षांत दोनदा नवी चेन बसवली होती, पण तेलाचा थेंब एकीलाही मिळाला नव्हता. कर्रर्र-कुईं! कर्रर्र-कुईं! शंभर उंदीर एकाच वेळी दात घासतायत की काय, असं वाटायचं. जुळी पाऊण वाजता कशीबशी झोपायची आणि एकला हे सुरू. दोघंही एकदम ताठ!

"परवा दुपारी ही चेन बोलली ना," घड्याळजी बायकोला म्हणाला, "तर मी घड्याळं सोडून चादरी धुवीन!"

"बाबांच्या गाडीला हात लावू नका हं. त्यांना नाही आवडत."

"न आवडायला काय झालं? ज्या हाताने मी पोरींच्या मनगटावरची घड्याळं चालू करतो, त्या हातापुढे चेन म्हणजे काय!"

"किती पोरींच्या?" बायकोने विचारलं. घड्याळजीने विषय तिथेच संपवला.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीला सुट्टी. सासरे जेवून घोरायला लागले, तशी घड्याळजीने गाडी अंगणात डबल स्टँडवर चढवली आणि चेनचं कव्हर काढलं. आत चेन नव्हतीच! होती ती काळी, वाळलेली, मातीने माखलेली दोरी. दुसरा कोणी असता तर रॉकेलचा बोळा फिरवून उठला असता. पण हा घड्याळजी! त्याने डोळ्याला भिंग लावलं. बारीक ब्रश रॉकेलात बुडवून एकेक कडी घासली. दोन कड्यांमधली घाण सुईने काढली, फडक्याने पुसलं, फुंकर मारली, पुन्हा भिंगातून बघितलं. शंभराच्या वर कड्या, आणि प्रत्येकीला पिनेच्या टोकावरून एकच थेंब तेल. थेंब मोठा पडला तर टिपकागदाने टिपून पुन्हा नवा थेंब. संध्याकाळपर्यंत त्याची मान धनुष्यासारखी वाकली, पण चाक फिरवलं तर काय! आवाज नाही. चेन अशी गेली, जशी लोण्यातून सुरी.

"ऐक," तो बायकोला म्हणाला.

"काही ऐकू येत नाही."

"तेच तर ऐक!"

तिसऱ्या दिवशी सकाळी सासरे इंजिन चालू करून निघून गेले, त्यामुळे त्यांना काहीच कळलं नाही. घड्याळजीने अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं. शाबासकी घ्यायला माणूस घरी नको का!

पाऊण वाजला. जुळी झोपली. अंगणात चादरींच्या सावलीला सासूबाई कपड्यांना बटणं लावत बसल्या होत्या, आणि बायको आली ती वडिलांची जुनी टोपी आणि फुटका चष्मा घालून. वडिलांची नक्कल हा तिचा हातखंडा प्रयोग. रोज पाव तास व्हायचा, आणि चेन वाजली की टोपी खुंटीवर, चष्मा फळीवर, सगळे साळसूद!

"गाठोडं बांधलंय की झोपवलंय?" पोट पुढे काढून ती गरजली. सासूबाई हसून हसून लाल झाल्या.

घड्याळजीने मनगटावर बघितलं. एक वाजून पाच मिनिटं. म्हणजे सासरे आलेले असायला हवेत. पण चेन तर वाजली नव्हती! त्याने घड्याळ झटकलं, कानाला लावलं. चेन गप्प केली होती त्यानेच, पण कान अजून तिचीच वाट बघत होते!

"आज उशीर दिसतोय," तो म्हणाला. "ते माझ्याशी कसे बोलतात, ते कर ना!"

बायकोने चष्मा नाकावर ओढला. समोरच्या चादरीकडे बोट दाखवून म्हणाली, "यांना विचार, हे माणूस आहेत की घड्याळाचा काटा!"

घड्याळजी एवढ्या जोरात हसला की त्याला ठसका लागला. हसता हसता लक्षात आलं, की एकटा आपणच हसतोय. बायकोने टोपी काढली होती. सासूबाईंनी सुई स्वतःच्याच बोटात खुपसली होती. घड्याळजी सावकाश मागे वळला. दोन चादरींच्या मधे सासरे उभे होते!

त्यांनी मुलीच्या हातातून टोपी घेतली, झटकली, खुंटीला लावली आणि न जेवता लाँड्रीत जाऊन बसले.

ते गेल्यावर दहा मिनिटांत लाँड्रीतला इस्त्रीवाला अंगणात आला. त्याला सगळे कॉलर म्हणायचे, कारण गिऱ्हाइकांचे कोट इस्त्री झाले की तो ते घालून, कॉलर उभी करून आरशासमोर साहेब व्हायचा. अंगात अजून बँकेच्या मॅनेजरचा काळा कोट होता, आणि उजव्या हाताला ओलं फडकं.

"घात झाला, वहिनी!" तो सासूबाईंना म्हणाला. "मी आरशात कर्ज मंजूर करत होतो. सही करायला हात वर केला, तर आरशात माझ्यामागे मालक! असा दचकलो की हात थेट तापलेल्या इस्त्रीवर! मालकांनी माझा हात नळाखाली धरला. फडकं बांधलं. पण बोलले नाहीत हो! शिव्या दिल्या असत्या तर जिवाला बरं वाटलं असतं. माझी नोकरी गेली! चेन का नाही वाजली?"

सगळ्यांच्या माना घड्याळजीकडे वळल्या.

"जावईबापू," सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही चेनला काय केलंत?"

"साफ केली," घड्याळजी म्हणाला. त्याचा आवाज मात्र त्या चेनसारखाच यायला लागला होता.

"मग घाण करा! आत्ताच्या आत्ता! पहिल्यासारखी वाजली पाहिजे!"

आयुष्यभर ज्याने करकर घालवली, त्याला आता करकर भरायची होती! त्याने तेल रॉकेलाने धुऊन काढलं. चाक फिरवलं. शांत! एवढ्या निगुतीने साफ केलेली चेन कोरडी झाली तरी बोलेना. सासूबाईंनी भांडी घासायची पावडर आणून मूठभर टाकली. खिस्स, एवढंच. बायकोने कुंडीतली माती टाकली. कॉलर डाव्या हाताने कपड्यांची खळ घेऊन आला आणि वाटीभर ओतली. पावडर, माती आणि खळ मिळून असा लगदा झाला, की चाक फिरायचंच थांबलं.

"अजून थोडी पावडर," सासूबाई म्हणाल्या.

"पावडर पुरे," मागून आवाज आला.

सासरे! पायी आले होते, तेही आवाज न करता. चौघं चेनभोवती गुडघ्यांवर, हात कोपरापर्यंत बरबटलेले. घड्याळजी उठला. कॉलरच्या हातावरचं फडकं समोर दिसत होतं.

"बाबा, यांच्यातल्या कोणाचा दोष नाही," तो म्हणाला. "चेन मी साफ केली. तुम्ही मला... म्हणजे तुम्हाला बरं वाटावं म्हणून केली. कॉलरचा हात माझ्यामुळे भाजला. त्याला काढू नका. बोलायचं ते मला बोला."

सासऱ्यांनी सवयीने मुलीकडे बघितलं. "यांना सांग," ते म्हणाले, आणि थांबले. मग जावयाकडे वळले.

"जावई, अठरा वर्षं ती चेन करकरत होती. मला ऐकू येत नव्हतं, असं वाटलं तुम्हाला?"

घड्याळजीचे कान 'जावई' या पहिल्याच शब्दापाशी अडकले होते.

सासऱ्यांनी शर्टाची बाही वर केली. कोपराखाली इस्त्रीच्या टोकाचा जुना डाग होता. "मी दुसऱ्याच्या लाँड्रीत कामाला होतो. तो मालक कापडी बूट घालायचा. मांजरासारखा मागे येऊन उभा राहायचा. हे त्याचं देणं. तेव्हाच ठरवलं, आपण मालक झालो तर वाजत येऊ. माणसं दिवसभर राबतात. घटकाभर कोट घालतात, घटकाभर माझी टोपी घालतात. मी आलो की त्यांना हातातलं खाली ठेवायला वेळ मिळाला पाहिजे."

"म्हणजे माझा कोट..." कॉलर पुटपुटला.

"कोटाचे खांदे अंगाच्या उबेने गरम लागतात मला रोज. बटण तेवढं तोडू नकोस."

"आणि माझी नक्कल?" मुलीने विचारलं.

"चाल चुकते तुझी. माझं पोट एवढं नाही." स्वतःच्या बायकोकडे बघून त्यांनी खात्री करून घेतली. सासूबाईंनी बटणांच्या डब्यात डोकं घातलं.

मग सासरे गाडीजवळ खाली बसले. लगद्यात बोट घालून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "पण आज उतारावरून आलो ना, जावई, तर गाडी अशी आली जसं कोणी मागून हलकेच ढकलतंय. चांगली केली होतीत. आणा ते रॉकेल. मी चाक फिरवतो, तुम्ही ब्रश चालवा."

अंधार पडेपर्यंत दोघं चेनपाशी होते. "पुढची कडी, जावई." "थांबा जावई, ही राहिली." घड्याळजी काही कड्या मुद्दाम दोनदा घासत होता.

चेन पुन्हा गप्प झाली. आता वर्दी कशी द्यायची? सासरे म्हणाले, "बघतो मी." दुसऱ्या दिवशी एक वाजता वरच्या वळणावर इंजिन बंद झालं आणि उतारावरून सासऱ्यांचं गाणं सुरू झालं. घरातल्या कोणीही त्यांना तोवर कधी गाताना ऐकलं नव्हतं. का, ते लगेच कळलं! दोरीवरची चिमणी उडाली, कॉलरने कोट काढला आणि जुळी किंचाळत उठली. चेनच्या आवाजाने ती अर्धा तास रडायची, गाण्याने तासभर! पण चेनला तेल घालता येत होतं. सासऱ्यांना कोण काय घालणार?

ते गाणं पुढे तेरा वर्षं रोज दुपारी एकला झालं. लाँड्रीत वाफेची इस्त्री आली, त्या वर्षी फेब्रुवारीत, एका मंगळवारी पहाटे सासरे झोपेत वारले.