धूर भिंतीपलीकडचा

कोणतेही काम पद्धतशीरपणे केले की ते चुकूच शकत नाही, हा माझा सिद्धान्त आहे. तंत्रनिकेतनातून बाहेर पडलो तेव्हापासून मी तो पाळत आलो आहे. आधी आराखडा, मग हिशेब, मग चाचणी आणि मगच काम! आमच्या घरी मी चहासुद्धा याच क्रमाने करतो. तो गार होतो, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा, आमच्या कंपनीच्या एकुलत्या एका मालवाहू जहाजाचा धूर मी कसा बंद केला, हे आपल्याला अभिमानाने सांगणार आहे. निदान सुरुवात तरी अभिमानाने करतो.

या जहाजाला बंदरात सगळे ‘म्हातारी’ म्हणत. धक्क्याला लागली की माल उतरेपर्यंत ती तिथेच उभी राही आणि उभ्या उभ्या खोकत असे. मुख्य इंजिन बंद असले तरी दिवे, पंप आणि शीतकोठ्या यांना वीज लागतेच. ती वीज म्हातारीचे जनरेटर तयार करीत आणि त्यांचा धूर चिमणीतून निघून थेट धक्क्यालगतच्या आमच्या वसाहतीत वस्तीला येई. गच्चीवर पांढऱ्या म्हणून वाळत घातलेल्या चादरी संध्याकाळी करड्या होऊन खाली येत.

“अहो, तुम्ही इंजिनीअर ना?” ही विचारी.

“डिप्लोमा आहे माझा.”

“मग निदान अर्ध्या चादरी तरी पांढऱ्या राहू द्या!”

प्रयत्न मी केला नव्हता असे नाही. म्हातारीचा सर्वांत धुरकट जनरेटर गेल्या वर्षीच काढून मी तिथे नवा बसवला होता. (त्याचा धूर काळ्याऐवजी करडा होता. प्रगती म्हणतात ती हीच!) जुना मोडीत न घालता, वीज गेली तर उपयोगी पडेल म्हणून माझ्या साडूंना दिला. धक्क्याच्या भिंतीपलीकडे त्यांचा बर्फाचा कारखाना आहे. घरातली वस्तू घरातच राहिली, म्हणून मेहुणी खूश, ही खूश आणि त्यामुळे मीही खूश.

अशात एके दिवशी मालकांनी मला आणि कप्तानाला बोलावले.

“नवा नियम आलाय,” ते म्हणाले. “धक्क्यावर धूर सोडणाऱ्या जहाजाला यापुढे बंदरात जागा नाही. गुरुवारी तपासनीस बाई येणार. म्हातारी पास झाली तर चालेल, नाहीतर भंगारात. आणि तिच्याबरोबर...”

वाक्य त्यांनी पुरे केले नाही. आधी माझ्याकडे आणि मग कप्तानाकडे असे काही पाहिले, की जणू आमचे वजन करून भाव ठरवीत होते!

बाहेर येताच कप्तानाने माझा हात धरला. “साहेब, या वयात मला दुसरं जहाज कोण देणार? सांगा, चिमणीत उशी कोंबू का?”

“उशी नको. आराखडा!” मी म्हणालो.

माझी योजना साधी होती. जहाज धक्क्याला लागले की त्याचे जनरेटर बंद करायचे आणि किनाऱ्यावरून जाड केबल टाकून वीज घ्यायची. यंत्र बंद म्हणजे धूर बंद. धक्क्यावरचे दिवे, माल उचलणाऱ्या याऱ्या, पंखे यांची मी जातीने मोजदाद केली. हिशेब जुळला. रविवारी चाचणी घेतली. निर्दोष! धक्क्याचा असा सुबक नकाशा काढला, की कुंपणाच्या भिंतीची एकेक वीट ओळखू यावी.

दोष एवढाच, की तो नकाशा त्या भिंतीपाशीच संपत होता.

गुरुवार उजाडला. बाई येण्याच्या थोडे आधी मी खूण केली. जनरेटर थांबले, केबल जोडली. म्हातारीने शेवटची एक उचकी दिली आणि चिमणी शांत झाली. कप्तानाच्या डोळ्यांत पाणी आले. मीही रुमाल काढला. आणि तेवढ्यात...

फट्!

खांबावरून ठिणग्या उडाल्या. याऱ्या माल घेऊन हवेत तशाच लटकल्या. जहाज विझले, धक्का विझला, आणि भिंतीवर साडूंचे डोके उगवले.

“साडूभाऊ! माझा बर्फ वितळतोय!”

“अहो, माझी नोकरी वितळते आहे!”

खांबावर चढलेला वायरमन वरूनच ओरडला, “साहेब, एका ट्रान्सफॉर्मरवर जहाज आणि बर्फ असे दोन संसार चालायचे नाहीत! फ्यूज जळाला. दुसरा आणायला दुपार होईल.”

रविवारी बर्फाचा कारखाना बंद असतो, हे मला त्या क्षणी आठवले. चाचणी निर्दोष का झाली, तेही कळले.

साडू मात्र थांबणारे नव्हते. पलीकडे घरघर झाली, आणि मी दिलेल्या जुन्या जनरेटरने काळ्याकुट्ट धुराचा असा लोट सोडला, की दिवसाढवळ्या अमावस्या! बर्फ वाचला.

“आपलेही जनरेटर चालू करतो!” कप्तान धावला.

“खबरदार! मालक बाईंना घेऊन फाटकात आले आहेत!”

वायरमनने खांबावरून पलीकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. “साहेब, भिंतीपलीकडे वीज आहे की! टाकू केबल? जोडणी बरोब्बर बसेल. यंत्र आपल्याच म्हातारीचं आहे!”

माझ्यातला तंत्रज्ञ नाही म्हणत होता. कप्तान माझ्याकडे बघत होता. भंगारात जाणारा माणूस कसा बघतो, ते मी तेव्हा पाहिले.

“टाका,” मी हळूच म्हणालो.

अशा रीतीने म्हातारी, आपण वर्षापूर्वी टाकून दिलेल्या जनरेटरवर, भिंतीपलीकडून, दिमाखात उजळली!

बाईंनी लांब दांडीचे यंत्र चिमणीत धरले. “शून्य! उत्तम!” त्या म्हणाल्या आणि त्यांना जोराचा ठसका लागला. “पण मग हा धूर कुठला?”

“भिंतीपलीकडचा,” मी म्हणालो. तांत्रिकदृष्ट्या हे अगदी बरोबर होते.

“अस्सं? सोमवारी तिकडे जाते. तुमच्यासारखे जाणकार शेजारी असताना ही स्थिती! जरा मार्ग दाखवा त्यांना.”

भिंतीवरचे साडूंचे डोके मावळले.

त्याच संध्याकाळी साडू आणि मेहुणी आमच्या घरी हजर. “दाखवा मार्ग!” साडू गुरगुरले. मेहुणी मात्र गोड हसली. “काळजी कशाला? कारखान्याला टाळं लागलं तर आम्ही दोघं इथेच राहायला येऊ. हो ना, भावोजी?”

माझे डोके इतक्या वेगाने आयुष्यात कधी चालले नव्हते! दुपारी नवा फ्यूज घातला, तेव्हा ट्रान्सफॉर्मरच जळालेला निघाला होता. लगेच नवा बसवा म्हणावे, तर मालक माझ्याकडे पुन्हा त्या वजनकाट्याच्या नजरेने पाहणार. म्हणून सोमवारी केबल तीच ठेवली, फक्त दिशा बदलली. म्हातारीचा नवा जनरेटर सुरू केला आणि त्यावर बर्फाचा कारखाना चालवला. बाईंनी कारखान्याच्या धुराड्यात दांडी धरली.

“शून्य! वा! आणि पलीकडे तो धूर?”

“भिंतीपलीकडचा,” साडू नम्रपणे म्हणाले.

“असेल. जहाजाचं काम आज माझ्याकडे नाही,” असे म्हणून बाई निघून गेल्या.

दोघांनाही प्रमाणपत्रे मिळाली. म्हातारी वाचली, कप्तान वाचला, मेहुणी आपल्या घरी राहिली. ‘कार्बनमुक्तीचे शिल्पकार’ म्हणून मालकांनी माझा सत्कार केला. मी हार घेऊन घरी आलो आणि हिला सविस्तर हकिगत सांगितली. अर्थात केबलचा तपशील वगळून.

हिने शांतपणे दोन चादरी माझ्यापुढे पसरल्या. “ही गुरुवारची, काळी. ही सोमवारची, करडी. तुमचं जहाज निर्मळ, माझ्या बहिणीचा कारखाना निर्मळ. मग हे काय, माझ्या फोडणीचा धूर?”

मी चष्मा पुसला. “थांब, एक आराखडा करतो.”

“आराखडा राहू दे. साबण घ्या!”

तेव्हापासून आमच्या घरच्या चादरी मीच धुतो. अगदी पद्धतशीरपणे! आधी भिजवणे, मग घासणे, मग पिळणे.

वाळत मात्र घरातच घालतो, खिडक्या लावून.