एक वाल, तेरा चवळ्या

स्वतःची स्तुती स्वतः करू नये, असे माझ्या सासूबाई म्हणत. ते काम करायला दुसरे कोणी पुढे आले नाही, म्हणून मीच सांगते: रोह्यात माझ्या तोडीची गुप्तहेर झाली नाही. नणंदेच्या नथीपासून दुधातल्या पाण्यापर्यंत बावीस प्रकरणे मी हाताळली. एकोणीस प्रकरणांत गुन्हेगार मी तासाभरात निश्चित केला. त्याने गुन्हा केला नव्हता हे मागाहून निघाले, पण तो तपासाचा दोष नव्हे. माझी सून अनसूया माझी साहाय्यक. तिला हे पद हवे होते की नाही, हे मी विचारलेले नाही.

१९७९ च्या पावसाळ्यात दिल्लीचे सरकार कोसळले आणि आमच्या महिला मंडळात प्रश्न निघाला: देशाचा नेता पदाला अपात्र ठरला, तर त्याला काढता येते का? पेणच्या मंडळाने याच विषयावर अभिरूप संसदेचा सामना लावला. आमच्या पंतप्रधान चंद्रावतीबाई. वयाने सर्वांत ज्येष्ठ म्हणून त्या बिनविरोध निवडून आल्या आणि अभिनंदनाच्या ठरावालाच झोपल्या. प्रश्नोत्तराच्या तासाला त्या घोरत. सीमासंरक्षणाविषयी विचारले की दचकून "मला बिनसाखरेचा," असे उत्तर देत. त्यांना घेऊन रविवारी पेणला जायचे, म्हणजे रोह्याची अब्रू कुंडलिका नदीत बुडवायची.

विरोधी पक्षनेती मी. सभासद कमी, म्हणून सभापतीही मीच. मी घटना वाचून काढली. राष्ट्रपतींना काढायला महाभियोग लागतो. पंतप्रधानांवर लोकसभेचा विश्वास उरला नाही की पुरे. झोपेविषयी घटनेत अवाक्षर नाही. तेव्हा अविश्वासाचा ठराव!

लोकसभेत मत उघड देतात. पण तिथल्या सभासदांना दुसऱ्या दिवशी एकमेकींकडे हळदीकुंकवाला जायचे नसते. म्हणून आमचे मतदान गुप्त. माझ्या कोठीच्या खोलीत पितळी डबा आणि दोन वाट्या ठेवल्या. पंतप्रधानांना काढायचे असेल तिने डब्यात वाल टाकावा, ठेवायचे असेल तिने चवळी. एकेकीने आत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. चंद्रावतीबाई सोडून बाकी बाराजणींनी मला वालाचे वचन दिले होते. पहिला वाल मी टाकला.

डबा उघडला. वाल एक. चवळ्या तेरा.

चंद्रावतीबाई खडबडून जाग्या झाल्या. "एवढा विश्वास?" असे म्हणून डोळ्यांना पदर लावत त्या घरी गेल्या. बाकीच्या एकमेकींकडे न बघता चपला शोधू लागल्या.

"अनसूये, हा कट आहे."

"आई, सगळ्यांना सरळ विचारू या का?"

"गुप्तहेर विचारत नाही. ताडते."

मी भिंग घेऊन डब्याचा तळ पाहिला. पापडाचा कण! आमच्या मंडळातल्या सीताबाईंची बहीण पेणला पापड करते. उलगडा झाला. "पेणच्या पापडांनी रोह्याची मते फोडली!"

"आई, त्या डब्यात परवापर्यंत पापडच होते. तुम्हीच काढलेत."

दुसरा सिद्धांत अधिक भयंकर होता. एवढी गाढ झोप निष्पाप माणसाला येत नाही. चंद्रावतीबाई झोपेचे सोंग घेऊन सारी सूत्रे हलवीत असणार. विरजण मागण्याच्या मिषाने मी पूल ओलांडून अष्टमी गावात त्यांच्या घरी गेले. मागील दारी त्या कोंबड्यांना दरडावत होत्या. "सन्माननीय सदस्यांनी खाली बसावे!" एका हातात वर्तमानपत्र, दुसऱ्या हातात घटना.

"अगो सुनीती," त्या म्हणाल्या, "माझं मत सोडलं तरी आयुष्यात पयल्यांदा बारा माणसांनी सांगितलं, ही बाई आम्हाला हवी हाय. घरात माझ्याशी कोणी बोलत नाय. मग डोळा लागायचाच. दोन दिस झाले, दुपारची आडवी झालेली नाय मी."

मी मनात नोंद केली: संशयित अत्यंत जागी. विरजण घेतले आणि निघाले.

घरी पोहोचले तो आमची स्वयंपाकीण मालू मोड आलेले वाल सोलत बसली होती.

"बाईसाहेब, येवढ्याश्या वालाचं बिरडं कोणाला पुरायचं?"

"कसले वाल?"

"आता! परवा तुमीच नाय का कोठीत वाटीभर काढून ठेवलंवतं? तुमी कोठीतनं भायेर पडलाव नि मी मागच्या दारानं आत गेले. वाल नेलं, भिजत घातलं. वाटी तिथंच ठेवली, तुमाला वाटी हरवलेली खपत नाय म्हणून."

मी पाटावर बसले. अनसूयेने खाली मान घातली.

"तू कितवी गेलीस?" मी विचारले. गुप्तहेराने विचारू नये, पण प्रसंगच तसा होता.

"पाचवी. वाटी रिकामी होती. म्हटलं, वाल संपले, म्हणजे ठराव झालाच. माझ्या एकीच्या मताने काय होणार? टाकली चवळी. वाईटपणा तरी कशाला घ्यायचा? सगळ्यांनी तेच केलं, आई. काल पाणी भरताना बोलणं झालं. लाजेने कोणी तुम्हाला सांगितलं नाही."

"पण दुसरी गेलेल्या सीताबाईंना कसे वाटले वाल संपले? तोवर मी एकच टाकला होता!"

"त्यांना वाटलं, तुम्ही एकटीनेच वाटीभर टाकलेत."

हे माझ्या स्वभावाला धरून होते, त्यामुळे मला रागावता आले नाही.

"मग आता?" अनसूयेने विचारले. "खरं सांगायचं चंद्रावतीबाईंना? फेरमतदान?"

कायदा माझ्या बाजूने होता. पुरावा ताटात होता. रविवारला दोन दिवस उरले होते; नवी पंतप्रधान, म्हणजे अर्थात मी, तयार होती. आणि तिकडे अष्टमीला एक बाई कोंबड्यांपुढे घटनेचे कलम पाठ करीत होती.

"मालू," मी म्हणाले, "नारळ जरा जास्त घाल."

तो पुरावा आम्ही तिघींनी भाताबरोबर संपवला.

रविवारी पेणच्या बाकांवरून पहिलाच प्रश्न आला: अपात्र नेत्याला पदावरून काढता येते का?

चंद्रावतीबाई उठल्या. कलमे त्यांनी एकही न चुकता सांगितली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "काढता येतं. सोय हाय. पण काढायच्या आधी त्याला एकदा हाक मारून बघावी."

सभागृह टाळ्यांनी दणाणले. विरोधी पक्षनेती या नात्याने मला टाळी वाजवणे शोभत नव्हते. मी अनसूयेला वाजवायला सांगितले.