नवशिक्यांचं पोवळं

गोपीनाथराव काचेच्या पेटीसमोर पाट टाकून बसले की चंद्रभागाबाई समजायच्या, आता हा माणूस तासभर नौपाड्यात नाही. घरात रंगीत टीव्ही यायचा होता, त्या जागी ही पेटी आली होती. निळी ट्यूब लागायची, बुडबुडे वर जायचे आणि दगडावरचं पोवळं हळूहळू उमलायचं. हिरव्या चांदण्या नुसत्या! गोपीनाथरावांना वाटायचं, आपण समुद्राच्या तळाशी बसलोय आणि वरून कुणाची तरी होडी सावकाश चाललीय. जन्मभर कचेरीत फायली हलवलेल्या माणसाला आणखी काय हवं?

खरं तर दुकानात त्यांचा जीव एका मोठ्या गुलाबी पोवळ्यावर जडला होता. दुकानदारच म्हणाला, "साहेब, ते नका घेऊ, आठवड्यात रडाल. हे हिरवं न्या. नवशिक्यांचं आहे, मरता मरत नाही. पसरलं की ब्लेडनं तुकडा कापायचा, दुसऱ्या दगडाला दोऱ्यानं बांधायचा. लागतो."

तेव्हापासून पेटीतल्या बोडक्या दगडांकडे बघत ते एकच स्वप्न रंगवत होते, की सगळे दगड हिरवे होणार. समुद्राचं पाणी पुरवायच्या खालच्या मजल्यावरच्या हौसाबाई. त्यांचं माहेर चेंदणी कोळीवाड्यात. भाऊ भिवाजी होडी खाडीबाहेर न्यायचा, तो येताना डबा भरून आणायचा.

आता त्या इमारतीची एक गंमत सांगायला हवी. तिथे प्रत्येक खिडकीत मनीप्लांट होता आणि प्रत्येक मनीप्लांट दुसऱ्या कुणाच्या तरी खिडकीतून चोरलेला होता. मागून आणलेला लागत नाही, चोरलेलाच लागतो, हे तिथल्या बायकांचं शास्त्र. त्यावरून कधी भांडण झालं नाही.

चंद्रभागाबाईंनी संक्रांतीचं हळदीकुंकू ठरवलं. पुरुषमाणसाचं घरात काय काम, म्हणून गोपीनाथरावांना तलावपाळीवर पिटाळलं गेलं. इकडे बायका पेटीपुढे जमल्या.

"अगंबाई, समुद्रच की गं घरात!"

"मग त्याला हळदीकुंकू न वाहता कसं जायचं?"

एकीनं चिमूट सोडली. मग दुसरी कशी मागे राहील? शेवटी शेजारच्या मालनवहिनींनी तिळगूळही टाकला आणि समुद्राला गोड बोलायला सांगितलं.

गोपीनाथराव परतले तर पाणी आमटीसारखं. "अगं, काय केलंत हे!" ते ओरडले. घाबरेघुबरे होऊन त्यांनी पेटी उपसली आणि दगड नळाखाली धरून खसाखसा धुतला. करायला गेले एक! गोड्या पाण्यात पोवळं मिटलं ते पुन्हा उमललंच नाही. दगडावर बुळबुळ तेवढी उरली. गोपीनाथराव तरीही रोज संध्याकाळी ट्यूब लावून बसायचे. चंद्रभागाबाईंना ते बघवेना.

"चला, हौसाबाईंना सांगून येऊ, आता पाणी नको म्हणून," त्या म्हणाल्या.

हौसाबाईंनी दार उघडलं आणि दारातच आडव्या उभ्या राहिल्या. पण त्यांच्या खांद्यावरून खिडकी दिसतच होती. खिडकीत लोणच्याची काचेची बरणी, बरणीत खडा आणि खड्यावर हिरव्या चांदण्या, संध्याकाळच्या उन्हात डुलत होत्या.

"दादूस, खोटं नाय बोलणार," हौसाबाई पुटपुटल्या. "हळदीकुंकवाला आलेली ना, तवा सगळ्यांच्या आधी नखानं एवढुसा खुडला. लागला बगा."

गोपीनाथराव रागावलेच नाहीत. बरणीपुढे जाऊन ते उभे राहिले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"न्या दादूस, तुमचाच हाय. थांबा, मी देते कापून." हौसाबाईंनी फळीवरचं ब्लेड घेतलं.

"नको नको!" चंद्रभागाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "दिलेलं लागत नाही."

"हां, ते बी खरं." हौसाबाईंनी क्षणभर विचार केला. मग ब्लेड खिडकीत ठेवून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "चला बाई, माझा भात करपला असंल," आणि आत निघून गेल्या. चंद्रभागाबाईंनीही भिंतीवरच्या कॅलेंडरात डोकं घातलं.

कचेरीतली पेन्सिलसुद्धा कधी घरी न आणलेल्या गोपीनाथरावांनी बाह्या सारल्या आणि ब्लेड बरणीत घातलं.

आतून हौसाबाईंचा आवाज आला, "दादूस, जरा मोठा चोरा!"